कारण अपुरं

दत्तू, आज तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या खोलीत मी चप्पल घालून गेले. मुद्दाम. जिन्यात खालच्या कॉफीपूडवाल्याचा तोच भाजका वास, दारावर तुझ्या हातची तीच पाटी. ‘पादत्राणे बाहेर’. कन्नडमध्ये, इंग्रजीत, आणि केवळ मला डिवचायला म्हणून खाली बारीक अक्षरांत मराठीत. सहा वर्षं त्या पाटीवरून मी तुझ्याशी भांडले. चप्पल देवळात काढतात, नाहीतर स्वयंपाकघरात. काचेच्या खोक्यांपुढे कसली काढायची? आज कुणी अडवलं नाही. चपलांसकट मधोमध जाऊन उभी राहिले आणि तुझी वाट बघत राहिले. “अक्का, धूळ!” एवढंच म्हणायचास तू. कुणी म्हणालं नाही. मग मला रडू आलं.

तेराव्यापर्यंत आलं नव्हतं, बघ. लोक म्हणत होते, थोरली बहीण खंबीर आहे हो. खंबीर कसली डोंबलाची, रागात होते मी. सेहेचाळीस हे काय जायचं वय आहे? आणि भांडण अर्ध्यावर टाकून जायची ही कुठली रीत?

सुधाने बोलावलं म्हणून गेले. “अक्का, कपाटभर कागद आहेत त्यांचे,” म्हणाली. “ठेवायचे की टाकायचे, तुम्हीच बघा. मला त्यातलं स्वल्पही कळत नाही.” तुझ्या बायकोला वाटतं मला कळतं. तुझ्या त्या यंत्राचा सगळ्या मल्लेश्वरममध्ये जर कुणी पहिल्या दिवसापासून संशय घेतला असेल तर मीच घेतला, आणि कागद बघायला बोलावणं मलाच.

आठवतं का, होसकोट्याच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून तू घरी आलास तो दिवस? मी भाजी चिरत होते. “अक्का, क्लास काढतोय. कॉम्प्युटरचा. शाळेतली मुलं येतील.” मी विचारलं, काय शिकवणार? तू म्हणालास, “मी काही नाही शिकवणार. ते प्रश्न विचारेल, मुलं उत्तर देतील.” मी म्हटलं, वा! मास्तरही नको, फळाही नको. उंटावरचा शहाणा एकदाचा बघायला मिळाला, तोही आपल्याच घरात. तू हसलास. तुला राग येत नसे, हाच तुझा मोठा दोष.

पहिल्या आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तू चारही मॉनिटरना झेंडूच्या माळा घातल्यास, काचेवर कुंकू लावलंस आणि दारात कोहळा फोडलास. तो इतक्या उत्साहात फोडलास की पाणी उडालं ते थेट वायरींवर. चारातला एक कॉम्प्युटर आठवडाभर मुका बसला. पूजा करून यंत्र बंद पाडणारा सगळ्या बेंगळुरात तूच. मी ती गोष्ट शाळेत स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगितली की शेवटी शिपाईसुद्धा मला विचारायचा, “मिस, भावाचं मशीन सरी, म्हणजे नीट, झालं का?”

पण आपलं खरं भांडण चपलांचं नव्हतं, कोहळ्याचंही नव्हतं. ते चुकांच्या वहीचं होतं.

माझी ती वही आमच्या शाळेतून गेलेल्या प्रत्येक मुलीला ठाऊक आहे. गणिताची वही उलटी धरायची आणि मागून चुकांची वही सुरू करायची. गणित चुकलं तर पुसायचं नाही, गिरवायचं नाही. चुकलेली पायरी आहे तशी मागे उतरवायची, तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालची चूक वाचता आली पाहिजे. खाली लिहायचं, ‘कारण’. का चुकलं ते आपल्या शब्दांत. आणि त्याखाली घरातल्या मोठ्या माणसाची सही. कारण नीट नसेल तर मी लाल शाईने शेरा मारायची, ‘कारण अपुरं’, आणि वही परत. माझ्या मुली माझ्यापेक्षा त्या दोन शब्दांना जास्त घाबरायच्या.

ती वही पहिल्यांदा कुणी घातली? तू. पाचवीत होतास. आप्पा कायम फिरतीवर, आईला आकडेमोड येत नव्हती, म्हणून तुझ्या गणितावर मी बसायची. चुकलं की तू थुंकी लावून पुसायचास आणि कागदाला भोक पाडायचास. त्या भोकांना कंटाळून मी ती रीत काढली. सहीही मीच करायची, घरातली मोठी म्हणून. एकदा तू कारण लिहिलं होतंस, ‘अक्का शेजारी बसली म्हणून चुकलं’. मी कान पिळला होता आणि ‘कारण अपुरं’ लिहिलं होतं. आता वाटतं, पुरेसं होतं.

म्हणूनच तुझ्या यंत्रापुढे मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काळ्या काचेवर हिरवं गणित आलं. मी मुद्दाम चुकीचं उत्तर दाबलं. पीं! आणि काच स्वच्छ. दुसरं गणित हजर.

“माझी चूक कुठे गेली?” मी विचारलं.

“गेली,” तू म्हणालास.

“म्हणजे पुसली.”

“अगं, पुढे जायचं ना.”

“पाचवीत थुंकीने पुसायचास, आता विजेने पुसतोस. प्रगती आहे हो!”

तू कुरकुरलास, “अक्का, एक बघ. चुकलं की त्याला राग येत नाही. मुलं घाबरत नाहीत.” मी म्हटलं, ज्याला राग येत नाही त्याला पर्वाही नसते. समोरची मुलगी चुकली की माझ्या पोटात तुटतं, म्हणून मी ओरडते. तुझ्या डब्याच्या पोटात काय तुटतं? पलीकडच्या खुर्चीवर दोन मुली एक, दोन, तीन, चार अशी बटणं ओळीने दाबत होत्या. कुठलं तरी बरोबर येईलच म्हणून. पीं वाजलं की खिदळत होत्या. हे शिकणं? मी पदर खोचून निघून आले. माझा तो मुद्दा खोटा नव्हता, आजही नाही. पण जिना उतरताना मला जे खुपत होतं ते वेगळंच होतं. त्यातली एक मुलगी माझ्या वर्गातली होती आणि माझ्या वर्गात ती कधी हसली नव्हती.

मंजुळा. आता तिच्यावर येते. इतका वेळ तिथे यायचं टाळतेय हे तुला कळलं असेलच.

नववीतली, दुसऱ्या बाकावरची. आई बाजारात फुलांच्या माळा करायची, मुलीच्या बोटांनाही दोऱ्याचे वळ असायचे. वर्गात विचारलं की उभी राहायची आणि जमिनीकडे बघायची. सहामाहीला एकतीस मार्क. मी तिला म्हणाले होते, “तू निदान फळ्याकडे तरी बघ, उत्तर जमिनीवर लिहिलेलं नसतं.” शाळा सुटल्यावर ती तुझ्याकडे यायला लागली हे मला ठाऊक होतं. म्हटलं, जाऊ दे, बटणं दाबेल.

त्याच वर्षी हेडमिस्ट्रेसनी फर्मान काढलं, प्रश्नपत्रिका आता स्टेन्सिलवर नकोत, कॉम्प्युटरवर छापून आणा. माझा भाऊच क्लासवाला, मग काय! दिवाळीनंतर मी हाताने लिहिलेला पेपर तुला दिला. तू स्वतः बसून टाइप केलास, पाकीट चिकटवलंस, माझ्या हातात आणून दिलंस. आणि त्या पेपरात मंजुळाला पडले अठ्ठ्याऐंशी.

शंकेची पाल चुकचुकली ती मार्कांमुळे नव्हे, दत्तू. मार्क चढतात, मी बघितलेत. तिचा पेपर स्वच्छ होता. एक खाडाखोड नाही, एक रेघ नाही. आणि मी तीस वर्षं मुलींना सांगत आले की विचार करणाऱ्याचा कागद स्वच्छ नसतो. माझ्या सगळ्यात हुशार मुलीच्या पेपरातसुद्धा दहा-बारा रेघा असतात. इथे एकही नाही. म्हणजे हिने विचार केलाच नाही. म्हणजे हिला आधीच माहीत होतं. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. आणि ते कुठे मुरणार? प्रश्नपत्रिका जिथे छापली तिथेच. बघ, कशी पायरीवर पायरी रचली मी! गणिताची बाई ना.

मी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि शेजारीच उभी राहिले. चार क्ष बरोबर उणे वीस. तिने खडू उचलला आणि हात तसाच हवेत राहिला. मी डस्टर टेबलावर आपटलं. वर्गाकडे वळून म्हणाले, “बघा, मशीन इथे नाही ना!” वर्ग हसला. मला ते हसणं आवडलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

तिचे मार्क रद्द झाले. तिची आई येऊन ऑफिसच्या दाराशी उभी राहिली आणि तशीच परत गेली. संक्रांतीनंतर मुलगी शाळेत आली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला मावशीकडे पाठवली, असं कानावर आलं.

हे कळलं त्या संध्याकाळी तू घरी आलास. आयुष्यात पहिल्यांदा तुझा आवाज चढलेला ऐकला मी. “फ्लॉपी माझ्या खिशात होती, अक्का. खिशात! तुझा भाऊ चोर आहे का?” मी म्हटलं, तू चोर नाहीस, तू भोळा आहेस. त्या डब्यात एकदा गेलेलं कुठून बाहेर पडतं हे तुला तरी माहीत आहे का? मग म्हणालास, “तू तिला फक्त एवढंच विचारायचंस की गणित कसं सोडवलंस. तुझीच रीत ना ती? एकदा जाऊन विचार.” मी म्हटलं, पुरावा आण, मग जाते.

आणि तू आणलास रे. त्या पुढच्या गणेशचतुर्थीला, काखेत कागदाची गुंडाळी घेऊन. नैवेद्य व्हायचा होता. “अक्का, स्वल्प बघतेस का?” मी म्हटलं, “तुझ्या मशीनचे कागद गणपतीपुढे नकोत. आधी जेव.” तू जेवलास. नेहमीपेक्षा दोन मोदक जास्तच खाल्लेस, आणि गुंडाळी काखेत घालून गेलास. परत काही तू ती आणली नाहीस, आणि मी काही मागितली नाही. दोन वर्षं आपण कॉफीच्या भावापासून सुधाच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यावर बोललो, पण मंजुळाचं नाव दोघांच्याही तोंडी आलं नाही.

आज ती गुंडाळी कपाटात सापडली. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबच लांब कागद, तुझ्या त्या कर्कश प्रिंटरवरचा. उलगडत गेले तर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. वर मंजुळाचं नाव. एका बाजूला गणित, दुसऱ्या बाजूला तिने दाबलेलं उत्तर, तारीख, वार. फक्त चुका. एकही बरोबर उत्तर नाही त्यात. मी खुर्चीत बसले. म्हणजे त्या दिवशी मी तावातावाने गेले, आणि तू त्यानंतर बसून यंत्राला चुका जपून ठेवायला शिकवलंस. चुकांची वही केलीस तू. मला न सांगता.

मग मी वाचायला लागले. चुका वाचणं हा माझा धंदाच आहे. तीन क्ष बरोबर बारा. उत्तर, उणे चार. दोन क्ष बरोबर चौदा, उणे सात. पाच क्ष बरोबर वीस, उणे चार. भागाकार चोख, आणि प्रत्येक ठिकाणी एक उगाचचं उणे. मी मनात म्हटलं, निष्काळजीपणा. उणं चुकलं की हाच शेरा मी आयुष्यभर मारत आले. पण शेजारी तुझी पेन्सिल होती. बाण काढून तू लिहिलं होतंस, ‘तीन पलीकडे नेला म्हणून चिन्ह बदललं. अक्काचा नियम.’

माझा नियम. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं.’ अधिक तीन बरोबरच्या पलीकडे गेले की उणे तीन होतात. मी तो तालावर म्हणून घेते, सबंध वर्ग एका सुरात म्हणतो, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो. तो बेरजेपुरता आहे, गुणाकाराला लावायचा नाही, हे मी वेगळं सांगायची का रे? सांगत असेन. एकदा. हळू आवाजात. तालावर नाही. आणि त्या पोरीने माझं ऐकलं होतं. जसं सांगितलं तसं, अक्षरशः. तिच्यासारखं माझं कुणीच ऐकलं नसेल.

खाली आणखी नावं होती. माझ्याच वर्गातल्या सात जणी, आणि सातही जणींचं तेच उणे. सगळ्यांत खाली तू लिहिलं होतंस, ‘अक्काला कसं सांगू?’

सुधा चहा घेऊन आली होती, तिला मी विचारलं, मग त्याने यांना समजावलं कसं? यंत्राने? सुधा म्हणाली, “छे! मशीनवर कुठलं? खाली न्यायचे ना मुलींना. कॉफीवाल्याच्या तराजूवर. एका पारड्यात तीन सारख्या पुड्या, दुसऱ्यात वजनं. म्हणायचे, आता एका पुडीचं वजन सांगा, आणि पुडी उणे कशी होईल तेही सांगा. पोरी हसायच्या. तो कॉफीवाला वैतागायचा अगदी.” मी पुन्हा कागद बघितला. एका तारखेपुढे पेन्सिलीत होतं, ‘तराजू’. त्यानंतर मंजुळाच्या नावापुढे एकही उणे नाही. ती तारीख त्या वर्षीच्या आयुधपूजेच्या आधीची आहे. मी पेपर दिला दिवाळीनंतर.

म्हणून तिचा पेपर स्वच्छ होता. तिच्या सगळ्या चुका आधीच करून झाल्या होत्या. तुझ्या खोलीत, पीं ऐकत, हसत. मी साप म्हणून भुई धोपटली, आणि भुईवर एक चौदा वर्षांची मुलगी होती.

आता तू म्हणशील, मग मान अक्का, मशीन जिंकलं. नाही मानत! माझा संशय अजून जागच्या जागी आहे. त्या डब्याला उणे चार आणि शेंगदाणा यांत फरक कळत नव्हता. चुकलं, एवढंच कळत होतं. उणे कुठून आलं ते तुला कळलं, कारण सातवीत तूही माझ्याच नियमाने ठेचकाळला होतास. परवा शाळेत एक टायवाला येऊन गेला. हेडमिस्ट्रेसना म्हणाला, आमचे कॉम्प्युटर घ्या, मुलींना हळूहळू टीचरच लागणार नाहीत. त्या माना डोलवत होत्या. मी विचारलं, त्यातल्या चुका कोण वाचणार? तो म्हणाला, “मॅडम, चुका ऑटोमॅटिक डिलीट होतात.” अशा लोकांच्या हातात जाणार आहे सगळं. खोल्या होतील, थंडगार, चपला बाहेर. पेन्सिल घेऊन बसणारा दत्तू कुठून आणणार?

पण तेवढाच संशय आज मला माझ्या वहीचाही येतोय. तीस वर्षांच्या चुकांच्या वह्यांत ते उणे मला का सापडलं नाही? कारण मुली ‘कारण’ या शब्दापुढे मला आवडेल ते लिहायच्या. निष्काळजीपणा. घाई केली. लक्ष नव्हतं. ते मला पुरेसं वाटायचं. ‘मिस, तुम्हीच असं शिकवलंत’ हे कोण लिहिणार, आणि कुणाच्या घरातलं मोठं माणूस त्याखाली सही करणार? त्या डब्याला कुणी घाबरत नव्हतं म्हणून खऱ्या चुका त्याच्याकडे गेल्या. हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. त्याला राग येत नाही, अक्का. मला वाटलं तू यंत्राचं कौतुक करतोयस. तू माझ्याबद्दल बोलत होतास.

खोलीतून निघाले ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि एक वही घेतली. तिथेच उभ्याने उलटी धरून उघडली. वर लिहिलं, ‘मंजुळाने कॉपी केली.’ त्यावर एक सरळ रेघ मारली. खाली लिहिलं, ‘कारण: न तपासता संशय घेतला.’ मग सहीची जागा. घरातलं मोठं माणूस. आई नाही, आप्पा नाहीत. मीच मोठी, आणि सही करून घ्यायला धाकटाही उरला नाही. वही पिशवीत टाकली आणि बनशंकरीची बस धरली. पत्ता सुधाकडे होता. तू दर दिवाळीला तिथे शुभेच्छांचं कार्ड पाठवायचास, हेही मला आज कळलं.

मावशीने देवळाच्या मागच्या रस्त्यावरचं दुकान दाखवलं. लग्नपत्रिका, बायोडेटा, टायपिंग. आत काळ्या काचेपुढे मंजुळा बसली होती. उंच झालीय. बोटं भराभर चालत होती, आणि डोळे जमिनीवर नव्हते. दाराशी ‘पादत्राणे बाहेर’ची पाटी नव्हती. मी चपला काढल्या आणि आत गेले.

ती झटकन उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी. “बन्नी मिस,” म्हणाली. या म्हणाली, दत्तू. तुझं तिला कळलं होतं. “सर गेले ना,” एवढंच म्हणाली. मी विचारलं, शिकतेस का? म्हणाली, दहावीची एसएसएलसी बाहेरून केली, मिस. कशीबशी. पुढे गणित नको म्हणून हे टायपिंग धरलं. मी वही काढून तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, “घरात सही करायला कुणी नाही. तू कर.”

तिने वही घेतली, उलटी धरली. रेघेखालची चूक वाचली. कारण वाचलं. खूप वेळ वाचलं, एका ओळीला लागतो त्यापेक्षा खूप जास्त. मला वाटलं, रडेल. मला वाटलं, वही फेकेल. दोन्ही चाललं असतं. तिने टेबलावरच्या डब्यातून लाल पेन काढलं, माझ्या ओळीखाली दोन शब्द लिहिले आणि वही माझ्या हातात दिली.

कारण अपुरं.

“पुन्हा लिहून आणा, मिस,” ती म्हणाली, आणि बसून टाइप करायला लागली.

आणा म्हणाली. परत येऊ नका म्हणाली नाही. बसमध्ये मी ते दोन शब्द इतक्यांदा वाचले की शेजारची बाई वाकून बघायला लागली. घरी आले, दिवा लावला, आणि तुला हे लिहायला बसले. कारण शोधत शोधतच लिहिलं सगळं. मार्कांचं लिहिलं, स्वच्छ पेपराचं लिहिलं, नियमाचं लिहिलं, तुझ्या यंत्राचं तर भरभरून लिहिलं. तुझ्यासमोर असते तर आत्तापर्यंत तू मान हलवली असतीस, पाचवीत मी हलवायची तशी. सरी, दत्तू. आता वही घेते आणि एकदाच लिहिते, ती सही करो वा न करो.

कारण: माझ्यावाचून मुली शिकत होत्या, आणि हसत होत्या. मला ते बघवलं नाही.